मावसभावाच्या बायकोसाठी जॉइंट स्पॉन्सर व्हावं का?

केवडा

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येते. माझा मावसभाऊ (इथे अमोल म्हणते, नाव बदललंय) अमेरिकन नागरिक आहे. मागच्या वर्षी साताऱ्यात त्याचं लग्न झालं. बायकोला बोलवायचा आय-१३० अर्ज मंजूर झाला, एनव्हीसीचे (नॅशनल व्हिसा सेंटरचे) सोपस्कार उरकले आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीच्या दिवशी भावजयीच्या हातात २२१(जी)चा, म्हणजे व्हिसा तूर्त अडल्याचा, कागद पडला. नवऱ्याचं उत्पन्न पुरेसं नाही, जॉइंट स्पॉन्सर (त्याच्यासोबत तिच्या खर्चाची हमी घेणारा दुसरा माणूस) आणा. अमोलची नोकरी गेली, त्यानंतर त्याने स्वतःचं काम सुरू केलं. काम बरं चाललंय, पण खर्च वजा जाता टॅक्स रिटर्नवर उरतो तो आकडा फारच लहान आहे.

आता सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी नागरिक आहे, नोकरी पक्की आहे आणि इथे असलेली जवळची नातेवाईक मीच. मावशीचा दिवसाआड फोन येतो, "अगं, एक सही तर करायची आहे." माझे बाबा गेल्यावर याच मावशीने आम्हाला सांभाळलंय, त्यामुळे तिला तोंडावर नाही म्हणणं मला जड जातंय. नवरा म्हणतो, निर्णय तुझा, पण पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. म्हणून आय-८६४, म्हणजे या हमीचा फॉर्म, वाचायला बसले, आणि शेवटाकडे स्पॉन्सरच्या कराराचा जो भाग आहे तो वाचून झोपच उडाली.

भावजयीला मी फक्त लग्नात भेटलेय. मुलगी चांगली वाटली. पण दोन तासांच्या ओळखीवर एवढं मोठं काही कबूल करायचं?

ही जबाबदारी नक्की केवढी आणि किती वर्षांची? तुमच्यापैकी कुणी अशी सही केली आहे का? आणि नाही म्हटलं असेल, तर नातं टिकलं का?

रानपाखरू

नको. नात्यासाठी पैसे द्या, वेळ द्या, विमानाचं तिकीट काढून द्या. दुसऱ्याच्या संसारावर सही करू नका.

घाटमाथा

केवडा, मी वकील नाही, पण आमच्या घरी हा फॉर्म भरून झालाय आणि तेव्हा बरंच वाचलं होतं.

पूर्वी अशी हमीपत्रं असायची, पण कोर्टात ती फारशी टिकत नसत. १९९६ च्या कायद्याने ते बदललं आणि १९ डिसेंबर १९९७ पासून हा फॉर्म म्हणजे अमेरिकन सरकारशी केलेला बंधनकारक करार झाला. तुम्ही कबूल करता की या व्यक्तीला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही. तिने स्नॅप (म्हणजे फूड स्टॅम्प), मेडिकेड, टॅनफ, एसएसआय अशी उत्पन्नावर ठरणारी मदत घेतली, तर ती देणारं खातं तुमच्याकडून वसुली करू शकतं. आणि तिला स्वतःलाही तुमच्यावर दावा लावता येतो. हे दुसरं कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

मूळ अर्जदार अमोलच राहतो. त्यालाही स्वतःचा आय-८६४ द्यावाच लागतो आणि तोही तितकाच बांधला जातो. पण जबाबदारी अर्धी-अर्धी नसते. पूर्ण रकमेसाठी दोघांपैकी कुणालाही धरता येतं.

कधी सुटता? ती अमेरिकन नागरिक झाली की. तिच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीचे ४० क्वार्टर (कामाच्या तिमाह्या) जमा झाले की, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम. तिने ग्रीन कार्ड सोडून देश सोडला की. किंवा दोघांपैकी कुणी वारलं की, पण तोपर्यंत चढलेलं देणं तुमच्या इस्टेटीतून जातं. आणखी एक बारीक अपवाद आहे, डिपोर्टेशनच्या केसमध्ये नव्या हमीवर नव्याने ग्रीन कार्ड मिळालं तर.

यात घटस्फोट कुठेच नाही. ते दोघं वेगळे झाले तरी तुमची सही जागेवरच.

बोरूबहाद्दर

माझी पण अशीच वेळ येणार आहे. मी एच-१बीवर आहे, पगार भरपूर आहे. मी होऊ शकतो का जॉइंट स्पॉन्सर?

घाटमाथा

नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा, वय १८ पूर्ण हवं आणि राहणं अमेरिकेत हवं. नातं असण्याची मात्र अट नाही. मित्र, शेजारी, ऑफिसमधला सहकारी, कुणीही चालतो.

दुपारचा_चहा

घाटमाथा यांची माहिती बरोबर आहे, पण ती वाचून लोक उगाच घाबरतील म्हणून माझा अनुभव सांगतो.

माझ्या पुतणीच्या नवऱ्यासाठी मी सही केली, त्यानंतर ऑफिसातल्या एका मित्राच्या बायकोसाठी केली. पुतणीचा नवरा इथे आल्यावर गोदामात लागला, मग कोर्स करून एचव्हीएसीच्या (एसी-हीटिंगच्या) कामाला गेला. आज त्याचे स्वतःचे दोन ट्रक आहेत. मित्राची बायको नागरिक होऊन जमाना झाला. मला आजवर एक पत्र आलेलं नाही.

रानपाखरू, तुम्ही म्हणता तिकीट काढून द्या. पण इथे तिकीट अडलेलं नाही, सही अडली आहे. नवरा इथे, बायको तिथे, असं नवं लग्न किती दिवस ताणायचं? आपण इथे आलो तेव्हा कुणी विमानतळावर घ्यायला आलं, कुणी महिनाभर घरी ठेवून घेतलं. ते सगळे काय हिशेब मांडून बसले होते?

रानपाखरू

विमानतळावर घ्यायला येण्याला कोर्टात किंमत नसते. फरक तिथेच आहे.

टेक्ससची_ताई

मी सही केली होती, आणि मला पत्र आलं. म्हणून लिहितेय.

दिराच्या बायकोसाठी केली होती. दीर तेव्हा शिकत होता. लग्न थाटात झालं, ती आली, आणि दोन वर्षांच्या आत दोघं वेगळे झाले. का, कुणाचं चुकलं, ते इथे लिहिणार नाही, ते मला नीटसं माहीतही नाही. दीर दुसऱ्या राज्यात निघून गेला. त्याच्याकडून तिला काही मिळेना, तेव्हा तिच्या वकिलाने मला पत्र पाठवलं. जाड पाकीट, आत माझ्याच सहीच्या फॉर्मची प्रत, आणि करारातल्या ओळींवर पिवळा मार्कर ओढलेला.

आम्ही वकील केला. त्याने स्पष्ट सांगितलं की भांडण्यात अर्थ नाही, फॉर्म फॉर्म आहे. शेवटी तिला नोकरी लागेपर्यंत दरमहा ठराविक रक्कम द्यायची असं ठरलं. दिली. घरात मात्र फार कडू झालं. सासूबाईंचं म्हणणं, "तिला कशाला देता?" मी म्हणायची, कागद वाचा. दीर आजही फोन उचलत नाही.

केवडा, मी तुला कर किंवा करू नकोस असं काहीच सांगणार नाही. एवढंच विचारते की उद्या अमोल हात वर करून निघून गेला, तर तू ते पैसे मन कडू न करता देऊ शकशील का?

हिशेबी_मावळा

ताई, वाईट झालं.

या निमित्ताने जास्तीत जास्त धोका किती, तो आकडा समोर ठेवतो, कारण "आयुष्यभर पोसावं लागेल" असं मोघम ऐकलं की माणूस विचारच करू शकत नाही. २०२५ च्या कोष्टकात एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर आहे. तिचे १२५ टक्के म्हणजे १९,५६२. ती एकटी पडली आणि तिचं उत्पन्न शून्य असलं, तर वर्षाला एवढं, महिन्याला १,६३० च्या आसपास. ती जे काही कमावेल ते यातून वजा होतं. वर समोरच्या वकिलाची फी लागू शकते, तो खर्च वेगळा. तिचं क्रेडिट कार्ड, कारचं कर्ज, घरभाडं यांचा या कराराशी संबंध नाही.

मोठी रक्कम आहे, पण तळ नसलेली विहीर नाही.

घाटमाथा

यात एक भर. "ती नोकरी शोधत नाही, मग मी का देऊ" हा बचाव चालेलच असं धरू नका. २०१२ मध्ये सेव्हन्थ सर्किटच्या अपील कोर्टात न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी निकाल दिला की काम शोधण्याची अट या करारातून निघत नाही. २०१६ मध्ये नाइन्थ सर्किटने म्हटलं की लग्नाआधीच्या करारात बायकोने पोटगीवर पाणी सोडलं असलं तरी आय-८६४ची जबाबदारी संपत नाही. म्हणजे अमोलने प्रीनप केला असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

अनुस्वार

बराच वेळ वाचतेय. लिहावं की नको असं वाटत होतं, पण लिहिते, कारण एवढ्या प्रतिसादांत त्या मुलीच्या बाजूने कुणी बोललेलं नाही. ती सगळीकडे "धोका" म्हणूनच येतेय.

मी अशाच सहीवर आलेली बायको आहे. नवऱ्याच्या मित्राच्या वडिलांनी माझ्यासाठी जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही केली होती. त्यांचं नाव मला माहीत होतं, चेहरा नाही. इथे आल्यावर बँकेचं कार्ड नवऱ्याकडे, फोन त्याच्या प्लॅनवर, घराबाहेर पडायचं तर गाडी त्याची. भाजी आणायला मोजून पैसे मिळायचे आणि पावती दाखवावी लागायची. "तुला इथे आणायला मी किती उपकार घेतलेत" हे वाक्य रोज कानावर पडायचं. मला वाटायचं खरंच असेल.

असा एक करार आहे, आणि तो माझ्यासाठी आहे, हे मला एका स्वयंसेवी संस्थेतल्या बाईने सांगितलं. फॉर्म माझ्या नावाने होता, माझ्या फायलीत होता, आणि तो मी कधी वाचलाच नव्हता. मी दावा लावला नाही. पण उपाशी मरणार नाही एवढं कळल्यावर मी त्या घरातून बाहेर पडू शकले.

केवडाताई, म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही मावशीशी बोललात, अमोलशी बोललात, नवऱ्याशी बोललात. तुमच्या भावजयीशी बोललात का? सही तुम्ही मावशीला देणार नाही आहात, अमोललाही नाही. तुम्ही ती तिला देणार आहात. ती कोण आहे, तिला काय करायचंय, तिला या कागदाबद्दल काय माहीत आहे, हे तिच्याच तोंडून ऐका. आणि पुढे अमोलचं-तिचं बिनसलंच, तर तुम्ही कुणाची नातेवाईक असाल तेही स्वतःशी ठरवा.

टेक्ससची_ताई

अनुस्वार, हे वाचून गप्प झाले. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ज्या बाईला मी पैसे दिले, तिच्याशी मी त्या काळात एकदाही थेट बोलले नाही. सगळं वकिलांमार्फत.

मनमाड_जंक्शन

अनुस्वार, सलाम.

हा धागा शोधत कुणी त्याच परिस्थितीतली मुलगी आली तर तिच्यासाठी लिहिते. न्यू जर्सीतली 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. छळ होत असेल तर 'व्हावा' कायद्याखाली नवऱ्याला न सांगता ग्रीन कार्डसाठी स्वतःचा अर्ज करता येतो आणि त्याला कुणाच्याही आय-८६४ची गरज लागत नाही. दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीन कार्ड असेल तर आय-७५१ (ती अट काढण्याचा अर्ज) नवऱ्याच्या सहीशिवाय भरण्याचीही सोय आहे.

रानपाखरू

अनुस्वार, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. तुम्ही जे सांगितलंत त्याने माझं मत आणखी पक्कं होतं. नवऱ्याने छळ करायचा, भरपाई तिसऱ्याने द्यायची? त्या मित्राच्या वडिलांचा काय दोष होता?

अनुस्वार

दोष काहीच नव्हता. म्हणूनच सही करणाऱ्याने आधी नवऱ्याला नीट ओळखायला हवं. या धाग्यावर सगळे "मुलीला ओळखता का" विचारताहेत. अमोलला कुणी तपासलं का? तो बायकोचं स्वतंत्र खातं उघडणार आहे का? तिला गाडी शिकवणार आहे का? त्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे? मावसभाऊ म्हणून लहानपणी ओळखलेला मुलगा आणि आज कुणाचा तरी नवरा असलेला माणूस यांत अंतर असू शकतं.

केवडा

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुस्वार, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आता थोडे तपशील. अमोलचं रिटर्नवरचं उत्पन्न १४,००० च्या आसपास आहे. आमच्या घरात मी, नवरा आणि दोन मुलं. माझ्या एकटीच्या पगारावर भागेल का, की नवऱ्यालाही सही करावी लागेल? आणि स्पॉन्सर टाळून दुसरा काही मार्ग आहे का?

घाटमाथा

तुमचे चार आणि भावजय मिळून पाच. २०२५ च्या कोष्टकात पाच जणांना ४७,०६२ डॉलर लागतात. पण आधी एक सांगा, तुम्ही पूर्वी कुणाला स्पॉन्सर केलंय का?

केवडा

हो, आईला. तिचं ग्रीन कार्ड आहे, अजून नागरिक नाही.

घाटमाथा

मग तिची हमी अजून चालू आहे, तिलाही मोजायचं. सहा जण, म्हणजे ५३,९३७. तुमचा एकटीचा पगार याच्या वर असेल तर नवऱ्याची सही लागत नाही. कमी पडला तर नवऱ्याने आय-८६४ए (घरातल्या माणसाचं उत्पन्न जोडायचा फॉर्म) भरायचा, आणि मग तोही करारात अडकतो. तुमचं आणि अमोलचं उत्पन्न एकत्र करून चालत नाही. जॉइंट स्पॉन्सरने पूर्ण आकडा स्वतःच्या बळावर गाठायचा असतो. टेक्सास, कॅलिफोर्निया अशा कम्युनिटी प्रॉपर्टीच्या (नवरा-बायकोची कमाई सामाईक धरणाऱ्या) राज्यात राहत असाल तर नवऱ्याची सही नसली तरी त्याच्यावर काय येऊ शकतं, ते मात्र वकिलाला विचारून घ्या.

हिशेबी_मावळा

दुसरा मार्ग आहे, तो आधी तपासा.

दोघांच्या कुटुंबाला २६,४३७ लागतात. अमोलचे १४,००० धरले तर १२,४३७ कमी पडतात. ही तूट मालमत्ता दाखवून भरून काढता येते. तो नागरिक आणि ती त्याची बायको, म्हणून तुटीच्या तिप्पट पुरते. ३७,३११ डॉलर. (तो नुसता ग्रीन कार्डवर असता तर पाचपट दाखवावी लागली असती.) ही मालमत्ता अमोलची असू शकते, तशीच तिची स्वतःचीही. भारतातले फिक्स्ड डिपॉझिट, शेअर, तिच्या नावावरचं घर चालतं, फक्त वर्षभरात त्याचे पैसे करता यायला हवेत आणि ते देशाबाहेर नेता यायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे तिकडून अडचण नाही. घर दाखवलं तर मूल्यांकनाचा दाखला लागतो आणि कर्ज वजा होतं.

आणि अमोलचं कुणी सख्खं, कमावतं माणूस त्याच्याच घरात राहत असेल तर त्यांनी आय-८६४ए भरला तरी काम होतं.

केवडा

अमोल एकटाच राहतो. साताऱ्याची जागा मावशीच्या नावावर आहे. भावजयीच्या वडिलांनी म्हणे विचारलं होतं की मी पैसे तिच्या खात्यात टाकू का, पण ती निवृत्तीची पुंजी आहे, आणि मुलीला सासरी पाठवायला बापाने घर रिकामं करावं हे मला पटत नाही.

दुपारचा_चहा

हे वाक्य लिहिलंत तिथेच तुमचा निर्णय झालाय, ताई. 😊

लिंबोणी

अवांतर: आम्ही टोरंटोला. इथे बायकोला बोलवायचं तर बहुतेक वेळा उत्पन्नाची ठराविक अटच नाही. ती पर्मनंट रेसिडेंट झाल्यापासून तीन वर्षं तिचा खर्च नवऱ्याने करायचा, असं लिहून द्यायचं. आई-वडिलांच्या वेळी मात्र वीस वर्षं.

बोरूबहाद्दर

अवांतरात भर: बहीण लंडनला असते. तिकडे एप्रिल २०२४ पासून जोडीदारासाठी वर्षाला २९,००० पौंडांची अट आहे आणि साधारणपणे तिसऱ्या माणसाची हमी चालत नाही. मावशीचा फोन यायचा प्रश्नच मिटला!

मनमाड_जंक्शन

दहा वर्षं, दहा वर्षं सगळे म्हणताहेत म्हणून एक गोष्ट. ४० क्वार्टर तिचे एकटीचेच लागतात असं नाही. लग्न टिकून असेल तर लग्नाच्या काळात नवऱ्याने मिळवलेले क्वार्टरही तिच्या खात्यात धरता येतात. २०२५ मध्ये एका क्वार्टरसाठी १,८१० डॉलर कमवावे लागत होते. दोघंही काम करत असतील तर पाच वर्षांतसुद्धा ४० भरतात. घटस्फोट झाला तर मात्र नवऱ्याचे क्वार्टर मोजता येत नाहीत.

त्याहून जवळचा रस्ता नागरिकत्वाचा. नागरिकाची बायको म्हणून त्याच्यासोबत राहत असेल तर ग्रीन कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी अर्ज करता येतो, नाहीतर पाच. पण आपल्याकडे किती तरी जण भारतीय पासपोर्ट सोडायचा नाही म्हणून थांबतात. तुमची आईसुद्धा अजून नागरिक नाही, केवडा! तो हक्क त्यांचा आहे, स्पॉन्सर त्यात जबरदस्ती करू शकत नाही. म्हणून तीन वर्षांत सुटलो असं धरून सही करू नका.

रानपाखरू

आणि मावशीला नाही कसं म्हणायचं, त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. मी देतो. "मावशी, मी आधीच आईची हमी घेतली आहे, आणखी एक जबाबदारी माझ्या घराला झेपणारी नाही. अमोलचं वकिलाचं निम्मं बिल मी देते." माझ्या आतेभावाला मी असंच सांगितलं. वर्षभर अबोला होता. आता गणपतीत येतो-जातो.

केवडा

पुन्हा आले, जरा उशीर झाला.

भावजयीशी बोलले. मावशी आणि अमोल दोघांनाही बाजूला ठेवून, आम्ही दोघीच, व्हिडिओवर. ती सुरुवातीला फार अवघडून बोलत होती. "ताई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं सारखं. मग मी आय-८६४चा विषय काढला तर तिने कॅमेऱ्यासमोर छापलेला फॉर्म धरला. पेन्सिलीने खुणा, कडेला मराठीत नोंदी. घटस्फोटानंतरही जबाबदारी राहते त्या ओळीखाली दोन रेघा. मला म्हणाली, "हे वाचल्यावर मीच आईंना म्हटलं होतं की ताईंना विचारू नका."

ती बीएस्सी नर्सिंग झालेली आहे, कराडला आयसीयूत काम करते. एनसीएलईएक्सचा (अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेचा) अभ्यास लग्नाआधीच सुरू केलाय, परीक्षा भारतातूनच देऊन येणार आहे. ड्युटीवरून आल्यावर पहाटे चारला उठून प्रश्नसंच सोडवते. मी तिला विचारलं, अमोलशी पैशाचं बोलणं झालंय का? म्हणाली, झालंय, पण अर्धवट.

मग अनुस्वार यांनी लिहिलेले सगळे प्रश्न मी अमोलला विचारले. तो आधी दुखावला. "ताई, तू माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस?" मी म्हटलं, ठेवते, म्हणूनच विचारते. त्याने कर्जाचे आकडे पाठवले. व्यवसायासाठी घेतलेलं आहे, हप्ते वेळेवर चालू आहेत. तिच्या नावाचं वेगळं खातं उघडून त्यात तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे ठेवायचं त्याने कबूल केलंय.

मी सही करतेय. माझा पगार ५३,९३७ च्या वर आहे, त्यामुळे नवरा करारात नाही. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय की वेळ आलीच तर तिला वकिलाकडून पत्र पाठवायला लागू नये. तिने मला फोन करावा. हे मी तिला शब्दांत सांगितलंय, आणि अमोलच्या समोर परत एकदा सांगितलं. मावशीलाही सांगितलं की ही एक सही नाही, काय काय आहे ते सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं असतं होय गं?"

अनुस्वार

ताई, तुमच्या भावजयीला माझ्याकडून शुभेच्छा सांगा. परीक्षेसाठीसुद्धा.

रानपाखरू

मी केली नसती. पण तुम्ही पूर्ण वाचून, दोघांशीही बोलून करताय, त्यामुळे आता वाद घालत नाही. एक लक्षात असू द्या, व्हिसा मिळण्याआधी लेखी कळवून हमी मागे घेता येते, नंतर नाही. तोवर काही खटकलं तर भीड धरू नका.

केवडा

धन्यवाद, हे खरंच माहीत नव्हतं. एक शेवटचा प्रश्न. आमचं रिटर्न नवऱ्याबरोबर जॉइंट आहे. त्यातला माझा पगार वेगळा कसा दाखवायचा?

घाटमाथा

आयआरएसच्या (कर खात्याच्या) साइटवरून टॅक्स ट्रान्सक्रिप्ट फुकट उतरवून घ्या आणि सोबत फक्त तुमचा डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) जोडा, त्यावरून तुमचं उत्पन्न वेगळं कळतं. नोकरीचं पत्र, अलीकडच्या पे-स्टब आणि नागरिकत्वाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत लावा. हमी संपेपर्यंत पत्ता बदलला की ३० दिवसांत आय-८६५ भरायचा, नाहीतर २५० ते २,००० डॉलर दंड होऊ शकतो. आईच्या वेळेपासून घर बदललं असेल तर तोही बघा.

मनमाड_जंक्शन

आणि तिच्या मेडिकलची तारीख आजच विचारा. ती साधारण सहा महिनेच चालते. २२१(जी)ला उत्तर द्यायला वर्ष असतं म्हणून लोक निवांत राहतात आणि मेडिकल परत करायची वेळ येते.

केवडा

विचारलं. मुदत संपायला अजून दोन महिने आहेत. ट्रान्सक्रिप्ट उतरवून घेतली, एचआरचं पत्र सोमवारी मिळेल, त्याच दिवशी सगळं अमोलला पाठवते. आय-८६५ आजच भरायला घेते, आईच्या वेळी आम्ही जुन्या अपार्टमेंटमध्ये होतो.